सशांची वही

पाऊण तासाच्या तासाला मी खडू नेत नाही.
खुरपं नेते, एक तराजू, आणि ही वही,
जिच्या कव्हरवर कुणीतरी सशाला मिशा काढल्यात
थेट आमच्या मुख्याध्यापकांच्या.

लेसोथोच्या या डोंगरात
जूनमध्ये नळ गोठतो,
आणि जमीन अशी की पेरायच्या आधी
दोन दिवस नुसतं वेचायचं.
म्हणून वेचलेल्या दगडांचाच आम्ही गोल वाफा बांधला,
कमरेएवढा उंच, एका बाजूला
पाऊल आत जाईल एवढी खाच;
टेकडीवरून पाहिलं तर कुलपाचं भोक.
मधोमध काटक्यांची उभी टोपली. तिच्यात
राख, साली, भांड्यांचं खरकटं पाणी.
"दगड दिवसभर ऊन खातात," मी सांगते,
"आणि रात्री थोडं थोडं पालकाला देतात."
पुलेंग विचारते, मग दगडांना काय उरतं?
हे अभ्यासक्रमात नाही.

आता ससे.
कान धरून उचलू नका. कुणीही.
तुमचे कान मीही धरत नाही.
एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली,
आणि पोटाशी घ्या, थंडीत ब्लँकेट घेता तसं.
दात बघा. नखं. बसायची जागा कोरडी आहे ना.
सकाळी पाण्याचा डबा हातानं चाचपा, डोळ्यांनी नको:
बर्फ लांबून पाण्यासारखाच चकाकतो.
लेंड्या गोल आणि कोरड्या असतील तर तब्येत ठीक,
त्या सरळ वाफ्यात टाका,
शेणासारखी कुजायची वाट बघायला नको.
हसू नका. ज्याला लेंडी वाचता येते
त्याला निम्मी शेती येते.

मोत्लात्सी हसला नव्हता.
नवा मुलगा, खाणीच्या गावाहून आलेला,
बोलायचा कमी, द्यायचा ओंजळ भरून.
मार्चमधल्या एका सोमवारी, पाऊस चालू असताना,
त्यानं कोबीची ओली पानं, होती तेवढी सगळी,
एकाच पिंजऱ्यात घातली.
करड्या मादीच्या. तिला पिलं व्हायला दहा दिवस होते.
भूक लागली होती तिला, एवढंच तो नंतर म्हणाला.
मंगळवारी तिचं पोट ढोलासारखं.
मी चोळलं, चालवलं, सुकं गवत पुढं केलं.
मधल्या सुट्टीच्या घंटेआधी ती गेली.

वर्गात कुणी बोलेना. कोण, ते सगळ्यांना ठाऊक.
मी वही त्याच्यापुढं सरकवली. लिही.
तारीख. वजन. काय घातलं, किती, ओलं की सुकं.
'कुणी' असाही एक रकाना आहे.
पेन्सिल तिथं येऊन थांबली,
बराच वेळ थांबली.
मग त्यानं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट,
परीक्षेच्या पेपरावर लिहितात तसं.

कबूल करायचंय ते हे:
हिरवा चारा आदल्या संध्याकाळी कापावा,
रात्रभर कोमेजू द्यावा, मगच घालावा,
हे मी त्या वर्गाला सांगितलंच नव्हतं.
पुढल्या आठवड्यात होतं. धडा सहावा.
त्याच्या नावाखाली मी माझं लिहिलं.

तिला पीचच्या झाडाखाली पुरलं.
झाड ऑगस्टमध्ये फुललं, शेजारच्या झाडापेक्षा
जास्त की कमी, कुणी मोजलं नाही.
एवढं एकच आम्ही वहीत मोजलं नाही.

परवा बाजारातून येताना
त्यांच्या पत्र्याच्या छपरावर गवत पसरलेलं दिसलं,
उडू नये म्हणून वर दगड मांडलेले.
खालून बहीण ओरडत होती,
घरात माणसांना धड गादी नाही,
आणि तू वर कुणाचं अंथरूण घालतोस?
तो काही बोलला नाही.
एक मूठ उचलून त्यानं गालाला लावली,
अजून ओल आहे का बघायला.